सिद्धूचा काळापांढरा गुलाल

बाजीराव ओव्हाळांनी आयुष्याची चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. मोजणी खात्यात होते. इंदापूर तालुक्यात असा बांध नसेल, ज्यावर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यापाशी दोनच गोष्टी शिल्लक होत्या. एक, भर उन्हात तासन् तास उभं राहण्याची ताकद. आणि दुसरी, कुठल्याही कागदावर नाव, गाव, तालुका आणि तारीख घातल्याशिवाय पेनाचं टोपण न लावण्याची सवय. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, यातला पहिला गुण ओळखला आणि वडलांना कॅमेरा घेऊन दिला. दुसऱ्या गुणाकडं तिचं दुर्लक्ष झालं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

कॅमेरा आल्यावर बाजीराव बारामतीला दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. शिकवणारा पुण्याहून आला होता. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट, आणि डोक्यावर पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेली. माणूस मुळातच काळापांढरा. त्यानं पहिल्याच तासाला सांगितलं, "रस्त्यावरच्या फोटोत रंग म्हणजे गोंगाट. गोंगाट काढून टाका, मग माणूस उरतो." बाजीरावांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली बारामती, तालुका बारामती, असं लिहून तारीख टाकली.

तेव्हापासून बाजीराव रंगाला शिवले नाहीत. इंदापूरचा एस.टी. स्टँड, उसाच्या ट्रॉल्या, हायवेवर ट्रकाखाली झोपलेले ड्रायव्हर, सगळं काळंपांढरं. गेणबा डाळिंबवाल्याचा गाडाही त्यांनी काढला. गेणबानं फोटो बघितला आणि हात जोडले.

"साहेब, हा फोटो कुणाला दावू नका. डाळिंबं नासकी दिसत्यात."

"गेणबा, डाळिंबाकडं बघू नको. प्रकाशाकडं बघ."

"गिऱ्हाईक डाळिंबाकडं बघतंय, साहेब."

असे बावीस फोटो जमले, तेव्हा बाजीरावांनी इंदापुरातल्या एका वाचनालयाचा हॉल रविवारसाठी मागून घेतला आणि प्रदर्शनाचं नाव ठेवलं : 'थांबलेले क्षण'. जाहिरातीच्या फ्लेक्ससाठी बाविसातला आपला सर्वांत लाडका फोटो निवडला. तो होता सिद्धूचा.

सिद्धू म्हणजे सिद्धार्थ मिसाळ, राहणार निरवांगी. बाजीरावांच्या थोरल्या बहिणीचा, लक्ष्मीबाईंचा, एकुलता एक मुलगा. तीन एकर ऊस, पाच गाया आणि 'सिद्धार्थ साउंड' नावाची डीजेची सिस्टीम. वय एकतीस. फोटोत सिद्धू भर रस्त्यात गर्दीच्या मधोमध उभा होता. दोन्ही हात वर, चेहरा आभाळाकडं, डोळे मिटलेले, आणि अंगभर गुलाल. काळ्यापांढऱ्यात तो गुलाल असा दिसत होता, की पोरावर कुणी चांदणं ओतलंय. बाजीराव तो फोटो रोज जेवणाआधी एकदा बघत आणि जेवणानंतर एकदा.

फ्लेक्सवाल्या विकीनं फोटो बघून जरा मान खाजवली.

"काका, रंगीत न्हाय का? आमच्याकडं काळंपांढरं म्हणजे फक्त तसल्या कामाला करत्यात."

"तसल्या म्हणजे कसल्या?"

विकीनं बाजीरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. फोटो सख्ख्या भाच्याचा, आणि माणूस किती धीराचा! "ऱ्हाऊ द्या काका," तो हळू आवाजात म्हणाला. "चौकट काळी घालू?"

"काळीच. जाड."

"खाली फुलं टाकू?"

"फुलं कशाला? साधं ठेव."

"बरोबर हाय. साधं असलं की लोकांना जास्त भरून येतं."

बाजीरावांना वाटलं, पोराला कलेची जाण आहे.

सोमवारी सकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. वर 'थांबलेले क्षण'. मध्ये काळ्या चौकटीत डोळे मिटलेला सिद्धू. त्याखाली, सवयीप्रमाणं, 'सिद्धार्थ मिसाळ, निरवांगी, ता. इंदापूर. दि. १९ नोव्हेंबर.' त्याखाली 'रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी उपस्थित राहावे.' आणि तळाला 'विनीत : बाजीराव ओव्हाळ (मामा)'. त्यातला 'मामा' विकीनं आपल्या मनानं घातला होता. नातं न लिहिलेला फ्लेक्स त्याच्या हातून आजवर बाहेर पडला नव्हता.

बाजीराव समोरच्या चहाच्या टपरीवर बसून लोकांचा प्रतिसाद निरखू लागले. प्रतिसाद अपेक्षेबाहेरचा होता. फ्लेक्ससमोरून जाणारा माणूस थबकत होता. मोटारसायकलवाले गाडी हळू करत होते. एका म्हातारबुवांनी टोपी काढली. दोन बायका बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि एकीनं पदर डोळ्याला लावला. बाजीरावांचा चहा गार झाला. पुण्यातसुद्धा लोक फोटो बघून रडत नाहीत, असं तो शेंडीवाला म्हणाला होता. इथं पहिल्या तासात एक बाई रडली होती.

साडेनऊच्या सुमाराला गेणबा गाडा सोडून आला आणि त्यानं फ्लेक्सला झेंडूचा हार घातला. मग बाजीरावांपाशी येऊन त्यांचा हात हातात घेतला.

"लई वाईट झालं, साहेब. पण फोटो झकास आलाय."

"वाईट काय झालं?" बाजीराव म्हणाले. तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडं लक्ष्मीबाई होत्या.

"बाज्या," लक्ष्मीबाई म्हणाल्या. निवृत्त मोजणी अधिकाऱ्याला बाज्या म्हणणारं माणूस तालुक्यात एकच उरलं होतं. "बाज्या, माझ्या दारात सकाळधरनं अकरा बाया रडून गेल्या. बारावी उंबऱ्यात हाय. तू आत्ताच्या आत्ता हितं ये."

निरवांगीत बाजीराव पोचले तेव्हा सिद्धू ओट्यावर बसून जेवत होता. ज्या घरात माणूस गेलं, तिथं चूल पेटत नाही. पैपाहुणे घरून भाकरी करून आणतात. या न्यायानं सकाळपासून तीन टोपल्या भाकरी, पातेलंभर पिठलं आणि मटकीची उसळ आली होती. आलेलं अन्न परत पाठवत नाहीत. त्यामुळं सिद्धू स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं खात होता.

"मामा, चौथी भाकरी हाय," तो म्हणाला. "आता जात न्हाय."

गावाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता कुणीतरी फ्लेक्सचा फोटो टाकला होता. त्याखाली दोनशे चाळीस जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली होती. सतराव्या क्रमांकावर खुद्द सिद्धू होता. गोठ्यात धार काढता काढता, फोटो न उघडताच, त्यानंही एका अंगठ्यानं श्रद्धांजली वाहून टाकली होती. ग्रुपवर कुणी गेलं की वाहायची असते, एवढं त्याला माहीत होतं.

"बाज्या," लक्ष्मीबाईंनी सुरुवात केली, "सत्तावीस स्थळं झाली. कुणाला नोकरी पायजे, कुणाला पुण्यात फ्लॅट पायजे, कुणाला डीजेवाला नको. अठ्ठाविसाव्यानं व्हय म्हटलं. सोन्यासारखी पोरगी. आन् सुपारी फुटायच्या आत तू पोराला मारून मोकळा झालास!"

"आक्का, मी फक्त फोटो काढला."

"मग रंगीत काढायला काय झालं होतं?"

"रंग म्हणजे गोंगाट असतो, आक्का. तो काढला की..."

एवढ्यात बारावी बाई उंबरा ओलांडून आत आली आणि सिद्धूला जेवताना बघून तिनं जी किंकाळी फोडली, ती शेजारच्या दोन गल्ल्यांना ऐकू गेली.

"आन् ही काय शांतता हाय व्हय?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

अठ्ठाविसावं स्थळ वडगाव निंबाळकरचं होतं. मुलगी करुणा सरवदे. बारामतीजवळच्या एका डेअरीत दुधाची तपासणी करायची. वडील सर्जेराव. दोन तालुक्यांत पसरलेल्या एका दूध संघाच्या निवडणुकीला सर्जेराव नुकतेच छत्री पॅनेलकडून उभे राहिले होते आणि किटली पॅनेलच्या उमेदवाराकडून अकरा मतांनी पडले होते. त्या अकरा जणांची नावं त्यांना पाठ होती. अंघोळ करताना म्हणत.

बाजीराव सिद्धूला मोटारसायकलवर मागं बसवून फ्लेक्स उतरवायला इंदापुरात परतले, तर स्टँडसमोर एक बोलेरो उभी होती. तिच्यातून पाच पांढऱ्या टोप्या खाली उतरल्या. सर्वांत पुढं सर्जेराव, हातात पांढऱ्या शेवंतीचा हार. त्यांनी फ्लेक्सकडं पाहिलं, उसासा टाकला, पाऊल पुढं टाकलं आणि मोटारसायकलवरून उतरणाऱ्या सिद्धूला पाहून ते जागीच थांबले.

"जय भीम," सिद्धू म्हणाला.

"जय भीम," सर्जेराव म्हणाले. हातातला हार त्यांनी पाठीमागं लपवला.

बाजीरावांनी सगळा प्रकार सांगितला. प्रदर्शन, कला, शेंडी, गोंगाट. सर्जेरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्न फक्त हाराचा होता. असा आणलेला हार घरी परत नेत नाहीत. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तो बाजीरावांच्या गळ्यात घातला. कलावंत म्हणून झालेला बाजीरावांचा हा पहिला सत्कार.

सगळं गोडीत मिटणार, असं दिसू लागलं. तेवढ्यात सर्जेरावांची नजर पुन्हा फ्लेक्सवर गेली. ते जवळ गेले. चष्मा वर केला.

"मोजणीसाहेब, ही एकोणीस नोव्हेंबर कसली तारीख?"

"फोटो काढला त्या दिवसाची. मी तारखेशिवाय..."

"म्हणजे निकालाचा दिवस." सर्जेराव वळले. "अन् जावईबापूंच्या अंगावर हे काय हाय?"

"गुलाल," बाजीराव अभिमानानं म्हणाले.

"कुणाचा?"

त्या एका शब्दानं चहाच्या टपरीवरची सगळी बाकं रिकामी झाली. प्रश्न साधा होता. किटलीवाल्यांनी गुलाबी गुलाल उधळला होता आणि छत्रीवाल्यांनी पिवळा भंडारा. संघाच्या जागा दोघांत जवळपास निम्म्या निम्म्या वाटल्या गेल्यामुळं त्या दिवशी दोघांच्याही मिरवणुका निघाल्या होत्या. सिद्धू पिवळा असेल तर तो सर्जेरावांचा माणूस. गुलाबी असेल तर तो अकरा मतांच्या आनंदात नाचत होता. फोटोत मात्र तो राखाडी होता आणि राखाडी पॅनेल दोन तालुक्यांत कुठंच नव्हतं.

"गुलाबीच हाय," टपरीवाला म्हणाला. "गुलाबी असाच दिसतो."

"तुला काय म्हाईत? पिवळा असाच दिसतो."

"हळद फोटोत पांढरी येती."

"आरं पण हा पांढरा कुठं हाय?"

बाजीरावांना पहिल्यांदाच जाणवलं, की सिद्धूचा डावा गाल उजव्यापेक्षा थोडा उजळ आहे. कार्यशाळेत याला टोन म्हणायचे. ज्याच्याबद्दल चर्चा चालली होती तो सिद्धू मोटारसायकलचा आरसा पुसत होता. आरसा स्वच्छ होता.

"सिद्धार्थराव, तुमीच सांगा," सर्जेराव म्हणाले.

"गर्दी लई हुती," सिद्धू आरशाला म्हणाला. "डोळे मिटलेले हुते."

"बरं." सर्जेराव बोलेरोत बसले. "मेलेला जावई असता तर दुःख केलं असतं. किटलीचा जावई असला तर काय करायचं, त्याची काही पद्धत न्हाय आमच्यात. साहेब, रविवारी मी पोरीला घेऊन तुमच्या प्रदर्शनाला येतो. हाच फोटो तितं रंगीत लावा. पिवळा निघाला तर जागेवर सुपारी फोडू. गुलाबी निघाला तर चहा पिऊन जाऊ."

संध्याकाळी लक्ष्मीबाईंनी निकाल दिला. "रविवारी रंगीत लाव. पोराचं जमलं तर तू माझा भाऊ. न जमलं, तर माझ्या दारात परत पाऊल टाकायचं न्हाय."

बाजीरावांना उत्तर फार सोपं वाटलं. "आक्का, रंगीत फोटो नाहीच मुळी. मी काळापांढराच काढलाय. त्यात रंग आणणार कुठनं?"

सिद्धूनं सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. खरं-खोटं करायला बाजीरावांनी प्रियदर्शनीला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. ही त्यांची चूक.

"पप्पा, रंगीत आहे की," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही बटण दाबलं की दोन फायली पडतात. एक तुमची काळीपांढरी आणि एक रंगीत. मीच तसं लावून दिलंय. म्हटलं, उद्या पप्पांचं मन बदललं तर?"

"म्हणजे गेलं वर्षभर मी रंगीत फोटो काढतोय?"

"सगळे."

बाजीरावांना मटकन खाली बसावंसं वाटलं. पण त्यांच्याआधी सिद्धू बसला होता.

मग त्यानं सांगून टाकलं. त्या दिवशी दोन्ही मिरवणुकांना सिस्टीम त्याचीच होती. अर्धे बॉक्स किटलीपुढं, अर्धे छत्रीपुढं. एकमेकांना ठाऊक नव्हतं. स्टँडसमोर दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या आणि सिद्धू मध्ये सापडला.

"दोन्हीकडनं पडला, मामा."

"कुठला रंग किती?" बाजीरावांनी विचारलं. जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी विकीच्या दुकानात पडद्यावर रंगीत फाइल उघडली आणि तिघंही पुढं वाकले. सिद्धूचा डावा गाल पिवळाजर्द होता. उजवा गाल गुलाबी होता. डावा खांदा पिवळा, उजवा खांदा गुलाबी. हद्द बरोबर नाकाच्या शेंड्यावरून खाली उतरून शर्टाच्या गुंड्यांच्या रेघेनं गेली होती. चौतीस वर्षांत बाजीरावांनी इतकी सरळ हद्द पाहिली नव्हती.

"काका, एका मिनिटाचं काम हाय," विकी माउस पुढं ओढत म्हणाला. "नाकाच्या उजवीकडचं सगळं पिवळं करून देतो. लगीन ठरलं की पेढे आणा."

"कर," सिद्धू म्हणाला.

"थांब," बाजीराव म्हणाले.

"कुणाला कळणार हाय, काका?"

हे वाक्य बाजीरावांनी आयुष्यात निदान हजार वेळा ऐकलं होतं. सावकाश, प्रेमानं, चहाचा कप पुढं सरकवत म्हटलेलं. दगड फक्त हातभर तिकडं घ्या, साहेब, कुणाला कळणार हाय. त्यांनी दगड कधी बोटभर हलवला नव्हता. पण तेव्हा दोन्ही बाजूंना परके लोक होते. आता एका बाजूला आक्काचं दार होतं. लहानपणी त्याच आक्कानं दगडी पाटावर बसवून त्यांचे पाढे पाठ करून घेतले होते.

ते पडद्याकडं बघत राहिले. विकीनं वाट पाहिली, मग कंटाळून एक भेळ मागवून खाल्ली.

"याच्या गालावरची जमीन उचलून त्याच्या नावावर करायची," बाजीराव शेवटी म्हणाले. "नाही जमणार. आहे तसा छाप. खाली नाव, गाव, तारीख."

"मामा!"

"तू अंगावर घेतलास तेव्हा विचारायचं होतंस."

रविवारी दहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये तोबा गर्दी झाली. निम्मे लोक फोटो बघायला आले होते. उरलेले निम्मे दुखवट्याचे पांढरे कपडे घालून आले होते. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. एका पाहुण्यानं बाजीरावांच्या कानाशी लागून विचारलं, "पुण्यानुमोदन किती वाजता हाय? आन् जेवण हितंच का निरवांगीत?" गेणबा स्वतःच्या फोटोसमोर उभा होता. गाडा, डाळिंबं, खाली 'गेणबा, इंदापूर' आणि तारीख.

"साहेब," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मी कवा गेलो?"

एकवीस फोटो काळेपांढरे. शेवटच्या भिंतीवर बाविसावा, त्यावर पडदा म्हणून लक्ष्मीबाईंचं लुगडं. सर्जेराव आले. त्यांच्याबरोबर करुणा आली. अंगावर साधा हिरवा ड्रेस, खांद्याला पर्स, आणि दिवसभर दुधात पाणी शोधणाऱ्या माणसाची नजर. लक्ष्मीबाई खुर्चीवर हात जोडून बसल्या. सिद्धू दाराच्या सर्वांत जवळ उभा राहिला.

बाजीरावांनी लुगडं ओढलं.

सर्जेराव पुढं झाले. त्यांनी डावा गाल बघितला आणि चेहरा खुलला. मग त्यांनी उजवा गाल बघितला. मग परत डावा. बोट उचलून ते नाकावरच्या हद्दीवरून हळूहळू खाली घेऊन गेले.

"हा कुणाचा माणूस म्हणायचा?" सर्जेरावांनी विचारलं. "हितनं आमचा. तितनं त्यांचा. मोजणीसाहेब, हे काय?"

"आहे ते आहे," बाजीराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्याहून बारीक आला.

"दोन्हीकडं नाचत होता, म्हणजे उद्या..."

"तात्या, थांबा जरा," करुणा म्हणाली. ती फोटोच्या अगदी जवळ गेली होती. पण सिद्धूकडं बघत नव्हती. फोटोच्या कोपऱ्यात, रसवंतीच्या सावलीत बोट ठेवून बघत होती. "ही कोण?"

सगळे वाकले. रसवंतीच्या अंधाऱ्या पायरीवर एक म्हातारी बसलेली होती. गडद हिरवं लुगडं, आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले. काळ्यापांढऱ्यात ती सावलीत पार विरघळून गेली होती. बाजीरावांनी तो फोटो रोज दोनदा बघितला होता आणि तिला एकदाही बघितलं नव्हतं. फोटो काढला त्यांनी, पण ती दिसली आज. त्यांना त्या शेंडीवाल्याला आत्ता पुण्याला जाऊन गाठावंसं वाटलं.

"ती व्हय," सिद्धू दारातून म्हणाला. "तिचं घर मागंच हाय. दोन्ही बाजूंनी माझेच बॉक्स, आन् दोन्हीकडं वायलं गाणं. म्हातारीला चक्कर यायला लागली. मी मधी शिरलो, हात वर केले, आन् आवाज कमी करा म्हणून वरडत हुतो. तर दोन्हीकडच्यांना वाटलं, मी नाचतोय. टाकला गुलाल डोळ्यात. डोळे मिटले ते त्यापायी."

बाजीरावांनी फोटोकडं पाहिलं. इतके दिवस ज्याला ते परमानंद म्हणत होते, तो माणूस डोळ्यांत भंडारा गेल्यानं कळवळत होता.

करुणा सिद्धूकडं वळली. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं त्याला फक्त एक प्रश्न विचारला होता, गाया किती. आता दुसरा विचारला.

"तुमी आवाज कमी करा म्हणालात?"

"व्हय."

"स्वतःच्याच सिस्टीमचा?"

"व्हय. कुणी ऐकलं न्हाय."

"तात्या," करुणा म्हणाली, "आमच्या डेअरीच्या मागं मंगल कार्यालय हाय. गेली चार वर्षं काचा हादरत्यात. दोन तालुक्यांत आवाज कमी करा म्हणणारा डीजेवाला दुसरा दावा, मग मी त्याच्याशी करते. न्हायतर माझं ह्यांना व्हय हाय."

सर्जेरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. अंघोळीच्या वेळची अकरा नावं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. मग हळूच त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली.

"दोन्हीकडचा गुलाल पडूनही ज्याला कुणी हाणला न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले, "त्याला दोन्हीकडची मतं पडतील." आणि मोठ्यानं म्हणाले, "सुपारी आणा रे!"

पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे जेवण हाय ना?"

जेवण झालं. लक्ष्मीबाईंनी भावाच्या ताटात स्वतःच्या हातानं दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा वाढताना अट घातली. "लग्नाचे फोटो तूच काढायचे. पण रंगीत. काळापांढरा एक जरी निघाला तर बघ."

"रंगीतच काढीन, आक्का." बाजीरावांनी मनापासून शब्द दिला. हिरव्या लुगड्यापासून त्यांचा रंगावर विश्वास बसला होता.

मे महिन्यात निरवांगीत लग्न लागलं. बाजीरावांनी तीनशे फोटो काढले, एकूण एक रंगीत. आठवड्यानं अल्बम आला. घरात पाहुणे जमले, सर्जेरावही आले. लक्ष्मीबाईंनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. पाचवं उघडलं. आणि अल्बम मांडीवर आपटला.

"बाज्या! परत काळंपांढरंच काढलंस!"

"आक्का, रंगीत आहेत. शपथ."

"मग रंग कुठं हाय?"

बाजीराव अल्बमवर वाकले आणि त्यांच्या लक्षात आलं. धम्माच्या रीतीनं लागलेलं लग्न. नवरीची साडी पांढरी. नवरदेवाचा पोशाख पांढरा. आक्काची साडी पांढरी, सर्जेरावांची टोपी-सदरा पांढरा, मंडपाची कनात पांढरी. माणसांचे केस काळे. मागं गिलावा न केलेली सिमेंटची भिंत. दोन तालुक्यांतल्या उन्हानं उरलंसुरलं सगळं धुऊन नेलेलं. तीनशे रंगीत फोटोंत रंग म्हणून औषधाला नव्हता.

बाजीराव घाईघाईनं पानं उलटू लागले. पुरावा हवा होता. शेवटून तिसऱ्या पानावर सापडला. नवरदेव वाकून आईच्या पाया पडतोय, असा फोटो. आदल्या दिवशी दुपारच्या वरातीत दोन्ही पॅनेलची माणसं नाचली होती. सिद्धूनं अंघोळ केली होती. पण कानामागं कोण धुतं?

"हे बघ, आक्का! हा काय रंग नाही? उजव्या कानामागं बघ. चांगला गुलाबी आहे!"

लक्ष्मीबाईंनी बघितलं. होता. लखलखीत गुलाबी, किटलीचा. फोटोत सिद्धूचा डावा कान जमिनीकडं होता, त्यामुळं पिवळा कुठंच दिसत नव्हता. समोर खुर्चीवर सर्जेराव चहाची बशी फुंकत होते आणि त्यांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला होता.

लक्ष्मीबाईंनी अल्बम झटकन मिटला आणि भावाच्या कानाशी लागून म्हणाल्या,

"बाज्या, एवढा एक काळापांढरा कर."

आणि बाजीराव उठायला लागले, तसं त्यांचा सदरा धरून पुढं म्हणाल्या,

"चौकट मात्र काळी घालू नको."